चालण्याचा सराव आणि लघवीचा हिशोब: मुंबईच्या हवेत दोन्ही कसं सांभाळायचं

लालबागपासून गिरगावपर्यंत घरोघरी जाऊन मी फिजिओथेरपी देते. पॅरालिसिस झालेले, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, मणक्याचा त्रास असलेले असे माझे पेशंट. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, चालायला कधी लागतील?" माझाही ठरलेला असतो, आणि तो ऐकून मुलगा किंवा सून जरा चपापते: "लघवीला दिवसातून किती वेळा जातात? रंग कसा असतो?"

कारण साधं आहे. चालणं अवघड झालं की माणूस पहिलं काय तोडतो, तर पाणी. "उगाच तुम्हाला सारखं उठवायचं," म्हणत आजोबा सकाळच्या चहानंतर ग्लासाला हात लावत नाहीत. मग मे महिना किंवा ऑक्टोबरचा उकाडा येतो. उन्हाळी लागते, इन्फेक्शन होतं, कोणाला मूतखड्याच्या कळा येतात, ताप चढतो, आणि महिनाभर घाम गाळून कमावलेली चाल आठवड्यात जाते. म्हणून मी चालण्याचा सराव आणि लघवीचं वेळापत्रक एकाच वहीत लिहायला लावते. ते कसं करायचं, ते इथे सांगते. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं आधी.

आधी मोजा

चाळीच्या गॅलरीसारखी जागा यासाठी दुसरी नाही. शेजाऱ्यांच्या बादल्या, चपला, सायकल तेवढी बाजूला करायला सांगा. खडूने सरळ दहा मीटर आखा. पहिले दोन मीटर वेग धरायला, शेवटचे दोन थांबायला. मधले सहा मीटर मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजायचे. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या काठीने, नेहमीच्या चपला घालून.

सहा मीटरला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, म्हणजे सध्या घरातल्या घरात. साडेसात सेकंदांच्या आत आले तर ०.८ च्या वर, म्हणजे बाहेर पडायला हरकत नाही. मधले लोक सोबत घेऊन जवळपास फिरू शकतात. ही विभागणी जॅकलिन पेरी या अमेरिकन ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या १९९५ च्या अभ्यासातली आहे, आणि आजही पॅरालिसिसच्या पेशंटसाठी तीच वापरतात. सिग्नलवर रस्ता ओलांडायचा म्हणजे सेकंदाला साधारण १.२ मीटर वेग लागतो, तेव्हा ०.८ आला म्हणून लगेच भारतमाता सिनेमासमोरचा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका. पंधरा दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. रोज मोजून काही हाती लागत नाही, पेशंट मात्र वैतागतो.

दुसरं माप माझ्या मते जास्त कामाचं. खाटेवरून उठून मोरीत किंवा संडासात पोचायला किती सेकंद लागतात? आणि लघवीची भावना झाल्यावर माणूस किती वेळ रोखू शकतो? मेंदूला मार लागल्यावर मूत्राशय फार आधी कळवत नाही. पोचायला दीड मिनिट लागतं आणि रोखता येतं अर्धा मिनिट, असं असेल तर घाई होणारच, कपडे ओले होणारच, आणि एखाद्या रात्री पडणारही. मी पाहिलेली बरीचशी पडझड रस्त्यावर झालेली नाही. खाट ते मोरी एवढ्याच अंतरात झालेली आहे.

घड्याळाने जा, भावनेने नाही

जागेपणी दर दोन तासांनी न्यायचं, लागली असो वा नसो. सकाळी उठल्यावर, नाश्त्यानंतर, मग दोन-दोन तासांनी, झोपण्याआधी. दोन आठवडे कोरडे गेले तर अंतर अडीच तास करा. रात्री पुरुषांसाठी खाटेशी युरिन पॉट, बायकांसाठी बेडपॅन किंवा कमोड खुर्ची. यात कमीपणा नाही. रात्री दोन वाजता झोपेतल्या माणसाला चालायला लावणं हा व्यायाम नव्हे.

दिवसाच्या या फेऱ्या मात्र व्यायामच आहेत. सात-आठ फेऱ्या झाल्या की सात-आठ वेळा उठणं-बसणं, वळणं, उंबरा ओलांडणं झालं. पुष्कळ घरांत काय होतं, की पोरगा पॉट हातात देतो, दिवसभर सगळं खाटेवरच, आणि मी येते तेव्हा अर्धा तास "चला, आता चाला". त्यापेक्षा माझ्याविना झालेल्या त्या आठ छोट्या फेऱ्या मला जास्त प्रिय.

याला थोडा आधारही आहे. अॅव्हर्ट नावाची एक मोठी चाचणी २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच देशांतले २,१०४ स्ट्रोकचे, म्हणजे मेंदूचा झटका आलेले, पेशंट होते. पहिल्या चोवीस तासांतच उठवून जास्त वेळ, जास्त वेळा चालवलेल्या गटाचा निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा कमीच निघाला: तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेले ४६ टक्के, दुसऱ्या गटात ५० टक्के. पुढे त्याच आकड्यांचं पृथक्करण केलं तेव्हा दिसलं, की थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवलेल्यांचं बरं होतं. हे सगळं हॉस्पिटलातल्या सुरुवातीच्या दिवसांचं आहे, घरी तीन महिन्यांनी तसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण एका दमात दामटण्यापेक्षा दिवसभर वाटून दिलेलं चालणं पचतं, हा माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

उठवायचं कसं

खाटेच्या कडेला पाय खाली सोडून एक मिनिट बसवा. घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा. मग उभं करा आणि चालण्याआधी थोडं थांबा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर याला फारच महत्त्व आहे. ही गोळी लघवीचा मार्ग सैल करते, पण काहींचं उभं राहताच बीपीही उतरवते. बीपीच्या गोळीची भर पडली की डोळ्यांपुढे अंधारी. घरी बीपीचं मशीन असेल तर आडवं असताना मोजा, उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बंद केली आणि लघवी तुंबली तर आगीतून फुफाट्यात.

तुम्ही कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. एक हात कमरेच्या पट्ट्याला. जुना रुंद चामडी पट्टा चालतो. लुळा हात धरून ओढू नका. खांदा निखळतो आणि मग सहा महिने चालण्याऐवजी खांद्याचंच बघत बसावं लागतं.

मोरीचा उंबरा ही खरी परीक्षा. चार बोटं उंच असतो, वर शहाबादी लादी, त्यावर साबणाचं पाणी. आत चढताना चांगला पाय आधी, बाहेर उतरताना कमजोर पाय आधी. उंबऱ्याच्या कडेला रेडियमची पट्टी चिकटवा, भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घ्या. टॉवेलचा रॉड दांडा म्हणून धरू देऊ नका, तो हातात येतो. वळताना पाय जागेवर रोवून कंबर फिरवायची नाही, चार छोटी पावलं टाकत फिरायचं. आणि तोल पक्का होईपर्यंत पुरुषांनीही बसून लघवी करावी. आजोबा लोक याला फार नाराज असतात. मी नातवाला सांगते, तो पटवतो.

पाणी किती?

"दिवसाला आठ ग्लास" हे मुंबईत अपुरं उत्तर आहे. पंख्याखाली बसलेल्या माणसाचं पाणी आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात सराव करणाऱ्याचं पाणी सारखं कसं असेल? प्यालेलं मोजण्यापेक्षा बाहेर आलेलं मोजा. बोर्घी आणि सहकाऱ्यांनी इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच खडा झालेले १९९ जण होते. अर्ध्यांना रोज दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. खड्याचा इतिहास असेल तर आता साधारण अडीच लिटर लघवीचं लक्ष्य देतात. एक दिवस खुणा असलेल्या पॉटमध्ये चोवीस तासांची लघवी मोजून बेरीज करा. घरच्यांना धक्का बसतो. दिवसभर "पितात की पाणी" म्हणणाऱ्यांच्या घरी बेरीज आठशे मिलिलिटर निघते.

खडा नसेल तर रंगावर लक्ष ठेवलं तरी पुरे. फिकट पिवळी असावी. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने गडद पिवळी होते, टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी. त्याने घाबरू नका.

तीन जणांना मात्र हे लागू नाही: हार्टचं पंपिंग कमी असलेले, किडनी निकामी होत चाललेले, आणि गिळताना ठसका लागणारे. पहिल्या दोघांच्या पाण्याचा कोटा डॉक्टर ठरवतात. तिसऱ्यांचं पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांना पाणी घट्ट करून द्यावं लागतं, आणि ते स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या.

वेळ अशी साधा, की बहुतेक पाणी संध्याकाळी सहापर्यंत पोटात गेलेलं असेल. नंतर घोटभर, गोळ्यांपुरतं. पायांना सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून झोपवा. पायातलं पाणी दिवसाच उतरतं आणि रात्रीची एखादी फेरी वाचते. लिंबूपाणी चांगलं, कारण त्यातलं सायट्रेट काही प्रकारचे खडे धरू देत नाही. पण सरबतात चमचाभर मीठ घालू नका. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय नको. कुळथाचं कढण प्या की, त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जातं. पानफुटीची पानं खाऊन खडा पडायची वाट बघत बसू नका, आणि नाक्यावरचा तो "बियर मार, खडा निघेल"वाला सल्ला पॅरालिसिसच्या माणसाला देणाऱ्याला घरात घेऊ नका.

उकाडा

अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या साठ हजारांवर खड्याच्या पेशंटच्या नोंदी तिथल्या तापमानाशी ताडून बघितलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. गरम दिवसानंतर कळा घेऊन येणारे वाढतात, आणि धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, असं त्यात दिसलं. अटलांटा-शिकागोचे आकडे परळला तसेच लागू करता येणार नाहीत, पण तीन दिवसांची ती गोष्ट मी धरून चालते. मंगळवारी भट्टी पेटली तर शुक्रवारपर्यंत लघवीवर नजर.

मुंबईत भट्टी मेमध्येच पेटते असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा सुटतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरा येतो, आणि पारा एकदम ३७-३८ वर जातो. त्या दिवसांत कोणाचं अंग सरावलेलं नसतं. ऑक्टोबरमध्ये उलट, हवेत दमटपणा, घाम येतो आणि सुकतच नाही. दोन्ही वेळी सराव सकाळी आठच्या आत आणि सूर्य गेल्यावर. दुपारी फक्त मोरीच्या फेऱ्या. लघवी होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी अशा आठवड्यात डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्यावा.

कंबर दुखली की दोष व्यायामाला जातो. "मॅडमनी काल जास्त करून घेतलं." होऊ शकतं, पण फरक ओळखा. स्नायूचं दुखणं हालचालीने वाढतं, एका कुशीवर पडलं की कमी होतं. खड्याची कळ बरगडीखाली मागून सुरू होऊन जांघेपर्यंत उतरते, लाटेसारखी येते, आणि माणसाला कुठल्याच बाजूला चैन पडू देत नाही. उलटी होते, लघवी लालसर दिसते. पॅरालिसिसमध्ये वाचा गेलेला माणूस हे सांगू शकत नाही. तो चादर ओढतो, चांगला हात पुन्हा पुन्हा कमरेकडे नेतो, कपाळावर घाम, जेवण नको, चालायला उठत नाही. "आज हट्टीपणा करताहेत" म्हणण्याआधी लघवीचं पॉट बघा.

पाऊस आणि डिसेंबर

पावसाळ्यात वॉकरच्या पायांची रबरं बदला. झिजलेलं रबर ओल्या लादीवर सरकतं, आणि रबर स्वस्त मिळतं. साचलेल्या पाण्यातून चालवत नेऊ नका. नेणाऱ्यानेही, म्हणजे तुम्ही, तसल्या पाण्यातून आला असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात विचारा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने लेप्टोची साथ बघितली आहे. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे, आणि लघवी कमी होत जाणं, असं दिसलं की थांबू नका. इथे लघवी अडकलेली नसते, किडनीत तयारच होत नसते. ओटीपोट मऊ, रिकामं लागतं.

अडकलेली लघवी वेगळी. बेंबीखाली ताणलेला गोळा, हात लावला की कळवळतात, थेंब थेंब येते किंवा येतच नाही. आपल्याकडची डिसेंबरची थंडी ती काय, पण घाम कमी होतो आणि लघवी जास्त तयार होते. त्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून कोणतीतरी गोळी आणतात. नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं त्या गोळीत असतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी ती बंद पाडू शकतात. लग्नसराईत गावी जायचं, एसी बसमध्ये पाच तास रोखून धरायचं, चार दिवस पोट साफ नाही, वर सर्दीची गोळी. इतकं पुरतं. गोळी घेताना "प्रोस्टेट आहे, पॅरालिसिस आहे" हे केमिस्टला आणि डॉक्टरला मोठ्याने सांगा. पोट साफ ठेवा. कुंथत बसलेल्याची लघवीही अडते.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेल्यालाही चालवायचं. पिशवी ओटीपोटापेक्षा खाली पण जमिनीला न टेकता. वॉकरच्या खालच्या आडव्या दांडीला कापडी थैलीत अडकवा. नळी मांडीला पट्टीने बांधा, म्हणजे पाऊल टाकताना ओढ बसत नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. आणि कोणी बघेल म्हणून पिशवी वर मांडीवर ठेवून खुर्चीत बसवू नका, लघवी उलटी परत जाते.

रोबोट, ट्रेडमिल आणि व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ

मुलं परदेशातून व्हिडिओ पाठवतात: दोरीने टांगलेला माणूस ट्रेडमिलवर चालतोय. "असं कुठे मिळेल?" मशीन वाईट नाही. पण २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लीप्स नावाच्या चाचणीत स्ट्रोकचे ४०८ पेशंट होते. काहींना वजन उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर, काहींना घरी थेरपिस्टने ताकद आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षानंतर ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पातळीवर गेली, आणि गटागटांत फरक नव्हता. तेव्हा पैसे नसले तर खंत करू नका. ब्रेस, बूट, नीट तपासणी यासाठी हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्थान आहे, सरकारी, १९५५ पासूनची.

आता थांबायचं नाही

पुढचं काही दिसलं तर सराव बंद, १०८ ला फोन, किंवा टॅक्सी करून केईएम, सायन, नायर, जे. जे., जे जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत:

खड्याच्या कळेसोबत थंडी वाजून ताप. अडलेल्या किडनीत पू झाला तर काही तासांत रक्तात पसरतो. एकच किडनी असलेल्याला कळ आली तर ताप नसला तरी निघा.

सहा-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट फुगलं आहे. गरम पाण्याच्या पिशव्यांनी भागत नाही, नळी घालावी लागते.

कमरेच्या गादीचा त्रास असलेल्याला पायांत नवीन अशक्तपणा, बसण्याच्या जागी बधिरपणा, आणि लघवी कळेनाशी होणं. मणक्यातल्या नसा दबल्याचं हे लक्षण आहे, आणि उशीर झाला तर चाल आणि लघवी दोन्ही कायमचं जाऊ शकतं. यात एक दिवस थांबून बघू नका.

छातीच्या मध्याजवळ किंवा त्याच्या वर मणक्याला दुखापत झालेल्याचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल, बीपी चढलेलं. बहुतेकदा मूत्राशय भरून तुंबलेलं असतं. आधी बसवून ठेवा, आडवं करू नका, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का बघा. नळी सरळ करूनही उतरत नसेल तर निघा.

आणि घरातल्या पोरांसाठी एक, विषय निघालाच आहे म्हणून: वृषणात एकदम जोरात दुखू लागलं तर लाजून झोपून राहायचं नाही. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो.

बरोबर न्यायचं ते आधीच एका पिशवीत ठेवा. चालू गोळ्यांच्या पट्ट्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्यावर पेनाने खूण, शेवटची लघवी किती वाजता झाली, कॅथेटर कधी बदलला, जुनी सोनोग्राफी, आणि वहीतलं ते सहा मीटरचं माप, म्हणजे आजारपणाआधी माणूस किती चालत होता हे नव्या डॉक्टरला कळेल. वॉकर घ्याच. दुसऱ्या दिवशी उभं करायचं ठरलं तर वॉर्डात त्यांच्या उंचीचा मिळेलच असं नाही.